तीन मिलिमीटरचा करडा थर

1776 साली इटलीतल्या पार्मा शहरात फ्रान्चेस्को जेन्नारी नावाचा वैद्यकीचा एक विद्यार्थी बर्फात गोठवलेले मेंदू कापून पाहत होता. ताजा मेंदू फार मऊ असतो. सुरी लावली की त्याची कड दबते आणि काप नीट येत नाही. गोठवला की मात्र स्वच्छ चकती निघते. चकतीच्या कडेनं करडी पट्टी आणि आत पांढरा गाभा, हे शरीरशास्त्रज्ञांना तोवर माहीत होतं. जेन्नारीला त्याहून वेगळं काही दिसलं. मेंदूच्या अगदी मागच्या टोकाला, त्या करड्या पट्टीच्या जाडीतच, कडेला समांतर जाणारी एक बारीक पांढरी रेघ होती. ती पाहायला भिंग लागत नव्हतं. मागून पुढे येऊ तशी ती पुसट होई आणि मग दिसेनाशी होई. 1782 मध्ये त्यानं हे निरीक्षण छापलं. ही रेघ कशासाठी आहे ते आपल्याला ठाऊक नाही, हेही त्यानं प्रांजळपणे लिहून ठेवलं.

तोपर्यंत या करड्या थराला कुणी फारसं मोजत नव्हतं. सतराव्या शतकातल्या माल्पिगीसारख्या मोठ्या शास्त्रज्ञालाही तो बारीक ग्रंथींचा बनलेला वाटला होता. जेन्नारीच्या रेघेनं पहिल्यांदा दाखवलं, की हा थर सगळीकडे सारखा नाही. आज आपण पुस्तकात त्याला प्रमस्तिष्काचं बाह्यक म्हणतो आणि दवाखान्यात कॉर्टेक्स. या थराचा कुठला भाग काय करतो याचा नकाशा काढायला पुढची दोनशे वर्षं लागली. तो बराचसा कुणाच्या तरी दुखापतीतून, कुणाच्या तरी आजारपणातून आपल्या हाती आला आहे, आणि कॉर्टेक्सबद्दल वाचताना हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडी मापं पाहू. कॉर्टेक्सची जाडी कुठे दोन मिलिमीटर, कुठे चार, सरासरी अडीच-तीन. मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांवरचा हा थर उलगडून सपाट पसरला, तर साधारण 2000 चौरस सेंटिमीटर भरतो, म्हणजे आपल्या रोजच्या वर्तमानपत्राच्या एका पूर्ण पानाएवढा. तो कवटीत मावतो तो वळ्या पडल्यामुळे. वरून पाहताना दिसतो तो त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. बाकीचा दोन तृतीयांश खाचांमध्ये दडलेला असतो. गर्भ पाच महिन्यांचा होईपर्यंत मेंदू बराचसा गुळगुळीतच असतो. शेवटच्या तीन महिन्यांत वरचा करडा थर आतल्या भागापेक्षा झपाट्यानं वाढतो आणि त्यातून वळ्या उमटत जातात.

चेतापेशी किती, याचं विश्वासार्ह उत्तर आपल्याला फार उशिरा मिळालं. ‘शंभर अब्ज’ हा गोल आकडा वर्षानुवर्षं पुस्तकांत छापला जात होता. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी मेंदूची ऊती विरघळवून, तिचा एकजीव द्रव करून त्यातली पेशीकेंद्रकं मोजली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा होता सुमारे 86 अब्ज. त्यातल्या 69 अब्ज चेतापेशी एकट्या लहान मेंदूत, आणि कॉर्टेक्समध्ये फक्त 16 अब्ज. मग माणसाचं वेगळेपण कशात, असा प्रश्न पडेल. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत आपल्या तिप्पट, 257 अब्ज चेतापेशी असतात. पण त्याच्या कॉर्टेक्समध्ये सहा अब्जही भरत नाहीत. अख्ख्या मेंदूच्या वजनावरून किंवा आकारावरून बुद्धीचं माप काढण्यात अर्थ नाही, तो यामुळेच.

या पेशी एकमेकींना कशा जोडल्या आहेत हे पाहण्याची सोय 1873 मध्ये कामिल्लो गॉल्जी यांनी केली. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या प्रक्रियेतून त्यांनी अशी रंगवण्याची पद्धत काढली, की शेकडो पेशींतल्या एखाद-दोनच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या शेंड्यापासून मुळापर्यंत पूर्ण दिसतात. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता काळा गिचमिड पट्टा दिसला असता. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी हीच पद्धत वापरून आयुष्यभर चित्रं काढली आणि प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असते असा निष्कर्ष काढला. गॉल्जींना तो मान्य नव्हता. सगळं मिळून एकसलग जाळं आहे असं त्यांचं मत. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि पारितोषिकाच्या भाषणातही गॉल्जी आपल्या जाळ्यावर ठाम राहिले. पुढे काहाल बरोबर ठरले.

सूक्ष्मदर्शकाखाली कॉर्टेक्सच्या बहुतेक भागात एकावर एक सहा स्तर दिसतात. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारी माहिती आधी मेंदूच्या खोल भागातल्या थॅलॅमसमध्ये येते आणि तिथून मुख्यतः चौथ्या स्तरात पोचते. वरचे दोन-तीन स्तर कॉर्टेक्समधल्या इतर जागांशी बोलतात. पाचव्या स्तरातल्या मोठ्या, शंकूच्या आकाराच्या पेशी बाहेर हुकूम पाठवतात. पाय हलवणाऱ्या पेशीचा एकच तंतू मेंदूच्या माथ्यापासून निघून मज्जारज्जूच्या खालच्या टोकाजवळ जातो. ही लांबी अर्ध्या मीटरहून अधिक. सहावा स्तर थॅलॅमसला उलट निरोप देतो. जिथे माहिती येते तिथे चौथा स्तर जाड, जिथून हालचाल सुटते तिथे पाचवा ठळक. या फरकांवरून जर्मनीच्या कोर्बिनियान ब्रोडमान यांनी 1909 मध्ये कॉर्टेक्सचे विभाग पाडून त्यांना क्रमांक दिले. न्यूरॉलॉजिस्ट आजही ‘एरिया चार’, ‘एरिया चव्वेचाळीस’ असंच बोलतात. जेन्नारीची रेघ ज्या भागात आहे तो क्रमांक सतरा. 2016 मध्ये एमआरआयच्या आधारे काढलेल्या नकाशात प्रत्येक अर्धगोलात 180 विभाग दाखवले आहेत.

ढोबळ रचना मात्र सोपी आहे. कपाळामागे ललाट खंड, माथ्याखाली पार्श्विक खंड, कानशिलाजवळ शंख खंड आणि डोक्याच्या मागच्या बाजूला पश्चकपाल खंड. ललाट आणि पार्श्विक यांच्यामध्ये माथ्यावरून खाली उतरणारी मध्यवर्ती खाच. कानशिलाजवळच्या खोल खाचेत इन्सुला नावाचा आणखी एक भाग दडलेला आहे. शरीराच्या आत काय चाललं आहे याची जाणीव तिथे उमटते. दोन अर्धगोलांना जोडणारा तंतूंचा जाड पूल मध्ये असतो. त्यात सुमारे वीस कोटी तंतू आहेत.

आता जेन्नारीच्या त्या रेघेकडे येऊ. 1904-05 च्या रशिया-जपान युद्धात रशियन रायफलींच्या गोळ्या लहान आणि वेगवान होत्या. त्या कवटीतून आरपार जात, आणि तरी अनेक सैनिक वाचत. वाचलेल्यांपैकी काहींच्या डोळ्यांना इजा झालेली नसे, पण नजरेचा एखादा तुकडा गेलेला असे. कुणाला डावीकडचं दिसत नसे, कुणाला फक्त खालचं. तात्सुजी इनोऊये या तरुण जपानी नेत्रतज्ज्ञाकडे काम आलं ते पेन्शन ठरवण्याचं: कुणाची दृष्टी किती गेली ते मोजायचं. त्यांनी सरकारी काम तर केलंच, शिवाय प्रत्येकाच्या डोक्यावर गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली याची मापं घेतली, त्यासाठी स्वतः एक उपकरण बनवलं, आणि गोळीनं आत कुठला भाग फाडला असेल ते काढून नजरेतल्या रिकाम्या जागेशी ताडून पाहिलं. 1909 मध्ये त्यांनी हे जर्मन भाषेत प्रसिद्ध केलं. समोर दिसणाऱ्या दृश्याचा नकाशा मेंदूच्या मागच्या टोकाला, जेन्नारीची रेघ असलेल्या भागातच, बिंदूला बिंदू जुळून उमटलेला असतो, पण तो सारख्या प्रमाणात नसतो. नजर जिथे रोखलेली असते त्या मधल्या लहानशा भागाला कॉर्टेक्सची मोठी जागा मिळते, कडेच्या विस्तीर्ण भागाला थोडी. तुम्ही आत्ता ज्या शब्दावर नजर ठेवून आहात, तो आणि त्याच्या आजूबाजूची दोन-चार अक्षरं यांच्यासाठी राखलेली जागा खोलीच्या बाकी कितीतरी भागापेक्षा मोठी आहे.

पुढे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हीझल यांनी मांजराच्या याच भागातल्या एकेका पेशीचं काम तपासलं. तिथल्या पेशी उजेडाच्या ठिपक्याला दाद देत नव्हत्या. प्रोजेक्टरमधली काचेची स्लाइड सरकवताना तिच्या कडेची रेघ पडद्यावर हलली आणि एक पेशी जोरात बोलू लागली. एका विशिष्ट तिरपेपणाच्या रेघेलाच ती पेशी प्रतिसाद देत होती. शेजारची पेशी थोड्या वेगळ्या तिरपेपणाला. म्हणजे दृश्य आधी रेघा-कडांमध्ये सुटं होतं. चेहरा, रंग, हालचाल हे सगळं पुढच्या भागांत जुळतं. 1981 चं नोबेल या दोघांना रॉजर स्पेरींबरोबर मिळालं.

बोलण्याच्या जागेचा शोध याआधीचा. लेबोर्न्य नावाचे गृहस्थ पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात वीसेक वर्षं होते. ऐन तिशीत त्यांची वाचा गेली. ऐकलेलं समजे, खुणा करता येत, पण तोंडातून येई ते फक्त ‘तां, तां’. एप्रिल 1861 मध्ये पायाच्या सडलेल्या जखमेमुळे त्यांना शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे आणलं. काही दिवसांतच ते वारले. ब्रोकांना त्यांच्या डाव्या ललाट खंडाच्या खालच्या बाजूला ऊती नष्ट झालेली आढळली. तेरा वर्षांनी कार्ल व्हेर्निक यांनी उलट प्रकारचे रुग्ण दाखवले. ते भरभर, सुरात बोलतात, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि समोरच्याचं त्यांना कळत नाही. दोष डाव्या शंख खंडाच्या मागच्या भागात. आता आपल्याला ठाऊक आहे, की भाषा अशा दोन ठिकाणी बंद नाही. ब्रोकांनी लेबोर्न्य यांचा मेंदू न कापता जपून ठेवला होता. 2007 मध्ये त्याचा एमआरआय प्रसिद्ध झाला, तेव्हा इजा पृष्ठभागापेक्षा बरीच खोल गेल्याचं दिसलं. भाषेचं काम अनेक जागा आणि त्यांना जोडणारे तंतू मिळून करतात. मात्र उजव्या हातानं काम करणाऱ्या बहुतेकांत ते मुख्यतः डाव्या अर्धगोलात चालतं, हे खरं.

हे घराघरात माहीत असायला हवं असं मला वाटतं. पक्षाघातानंतर अशी वाचा गेलेल्या माणसाला ‘डोकं फिरलंय’, ‘ऐकू येत नाही वाटतं’ असं म्हटलेलं सर्रास ऐकू येतं. ब्रोकाच्या भागाला इजा झालेल्याला पुष्कळ कळत असतं. ‘पाणी हवं का?’ विचारलं तर मान हलवून तो उत्तर देतो. कितीतरी जणांना साधं वाक्य जुळवता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेली आरती सुरात म्हणता येते, एक ते दहा अंक सलग मोजता येतात; कारण पाठ झालेल्या आणि गाण्यातल्या शब्दांची वाट थोडी वेगळी असते. अशा माणसाशी एका वेळी एकानंच, छोट्या वाक्यांत बोलावं, उत्तराला वेळ द्यावा, आणि त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नये.

हालचाल आणि स्पर्श यांचा नकाशा मध्यवर्ती खाचेच्या दोन बाजूंना आहे. पुढे हालचालीचा, मागे स्पर्शाचा. मॉन्ट्रियलचे शल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड अपस्माराच्या शस्त्रक्रिया रुग्णाला जागं ठेवून करत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, त्यामुळे डोक्याची त्वचा बधिर केली की पुरतं. ते विजेचा सौम्य प्रवाह एकेका जागी देत आणि रुग्ण सांगे, ‘अंगठ्याला मुंग्या आल्या’, ‘जीभ ओढली गेली’. त्या जागी आकड्याची छोटी चिठ्ठी ठेवली जाई. 1937 मध्ये त्यांनी आणि एडविन बोल्ड्री यांनी मांडलेल्या नकाशात पाय दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत, वर धड, मग बाहेरच्या बाजूनं उतरताना हात, बोटं, चेहरा, ओठ, जीभ असा क्रम आहे. सगळ्या पाठीला मिळालेली जागा एका अंगठ्यापेक्षा कमी आहे.

पार्श्विक खंडाचं काम मात्र नुसत्या नकाशानं कळत नाही. 1978 मध्ये मिलानच्या एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझ्झात्ती यांनी दोन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. दोघांच्या उजव्या अर्धगोलाला इजा झाली होती आणि त्यांचं डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नव्हतं. असे रुग्ण ताटातलं डाव्या बाजूचं अन्न तसंच ठेवतात, डाव्या गालाची दाढी करत नाहीत. या दोघांना विचारलं, की शहरातल्या मुख्य चौकात कॅथीड्रलकडे तोंड करून तुम्ही उभे आहात अशी कल्पना करा आणि काय काय दिसतं ते सांगा. दोघेही मिलानचेच, चौक चांगला परिचयाचा. त्यांनी उजव्या हाताच्या इमारती, दुकानं सांगितली. डावीकडचं जवळजवळ काहीच नाही. मग म्हटलं, आता कॅथीड्रलच्या दाराशी उभे राहून चौकाकडे पाहा. आता त्यांनी आधी गाळलेल्या इमारती सांगितल्या, आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. म्हणजे आठवण शाबूत होती, डोळ्यांचा प्रश्न नव्हता. मनातल्या चित्राची डावी बाजू लक्षाच्या बाहेर गेली होती. आपलं अवकाशाचं भान हे कॉर्टेक्स सतत उभं करत असतं, हे याहून स्पष्टपणे दाखवणारा दाखला मला माहीत नाही.

ललाट खंडाबद्दल लिहिताना फिनियस गेजचं नाव टाळता येत नाही. 13 सप्टेंबर 1848 रोजी अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात रेल्वेसाठी सुरुंग लावताना सुमारे एक मीटर लांब लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्याच्या वरून बाहेर पडली. तो वाचला. डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदवलं, की शांत, जबाबदार माणूस हट्टी, शिवराळ झाला. नियोजन, संयम, परिणामांचा विचार यांचा ललाट खंडाशी संबंध आहे हे पुढच्या पुष्कळ अभ्यासांनी पक्कं झालं आहे. पण गेजची गोष्ट सांगताना तिचा उत्तरार्ध बहुधा गाळला जातो. तो पुढे चिलीमध्ये गेला आणि कित्येक वर्षं त्यानं घोडागाडी हाकण्याची नोकरी केली. ते काम वेळ पाळण्याचं, रस्ता लक्षात ठेवण्याचं आणि प्रवाशांशी नीट वागण्याचं. त्यानं स्वतःला बरंच सावरलं होतं. अर्धी गोष्ट सांगणं त्याच्यावर अन्यायाचं आहे.

मोठेपणीही मेंदू बदलतो याचं एक उदाहरण आपल्याच लिपीशी निगडित आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, साधारण तिशीतल्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचा-लिहायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांचे एमआरआय काढले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कॉर्टेक्सचा दृष्टीचा भाग आणि खोलवरचा थॅलॅमस व मस्तिष्कस्तंभ यांच्यातला मेळ वाढल्याचं आढळलं. साक्षरता वर्गाला जाणाऱ्या प्रत्येक बाईला हे सांगायला हवं.

याच्या उलट काही समजुती मुलांचं नुकसान करतात. माणूस मेंदूचा दहा टक्केच वापर करतो, हे साफ खोटं आहे. शरीराच्या दोन टक्के वजनाचा मेंदू विश्रांतीतही एकूण ऊर्जेचा पाचवा हिस्सा खातो. न वापरलेल्या भागावर शरीर एवढा खर्च करत नाही. ‘डाव्या मेंदूची’ आणि ‘उजव्या मेंदूची’ मुलं असंही काही नसतं. आणि ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या नावाखाली हजारो रुपये घेऊन मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचे वर्ग आपल्याकडे गावोगावी निघाले. मुलं वाचतात ती नाकाजवळच्या फटीतून. विवेकवादी कार्यकर्त्यांनी हे जाहीरपणे दाखवून दिलं आहे. मुलाला खोटं बोलायला शिकवण्याचे पैसे आपण भरतो, हे पालकांनी लक्षात घ्यावं.

शेवटी एक कामाची गोष्ट. कॉर्टेक्सच्या बाहेरच्या बाजूला, जिथे चेहरा, हात आणि डावीकडे भाषा यांच्या जागा आहेत, तिथला बहुतेक रक्तपुरवठा एकाच धमनीच्या फांद्यांतून होतो. म्हणूनच ती धमनी तुंबली की तोंड एका बाजूला वाकडं होणं, एक हात खाली गळणं आणि बोलणं अडखळणं ही लक्षणं एकत्र येतात. मोठी धमनी बंद पडल्यावर उपचारांशिवाय दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि जितकं लवकर तितका उपयोग जास्त. म्हणून असं झालेलं दिसलं तर तेल चोळत, झाडपाल्याच्या औषधाची वाट पाहत किंवा ‘सकाळी बघू’ म्हणत थांबू नका. 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून सोबत न्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.